तारीख धरणे, तारीख सोडणे

ती. सौ. मृणालिनीताईस,

धाकट्या हेमूचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या कागदावरच घालतो आहे, तू तिकडून नेहमीसारखं ‘ऊठ आता’ म्हण). दाजींचा गुडघा काय म्हणतो? चिपळूणला डास वाढल्याचं कळलं. इकडे दादरला आम्ही मजेत. सलोनीच्या लग्नाला दादरचाच हॉल हवा, तोही डिसेंबरातल्या सकाळच्या मुहूर्ताचा, ही कामगिरी तू विश्वासाने माझ्यावर सोपवलीस. हॉल जागेवर आहे. कालच जाऊन भिंतीला हात लावून आलो. बाकीचं सविस्तर लिहितो, चष्मा नीट लाव.

हॉल माझ्या वर्गमित्राचा, प्रफुल्लचा (तोच, जो तुझ्याकडून गणितं सोडवून घ्यायचा). त्याच्या लेकीने, अक्षदाने, बुकिंगसाठी एक एआय एजंट बसवला. फोन तोच घेतो, उत्तरं तोच देतो, आणि त्याच्या हाताशी तीन टूल्स असतात: तारीख बघणे, तारीख धरणे, तारीख सोडणे. प्रत्येक टूल काय करतं आणि कधी वापरायचं, एवढं दोन-चार ओळींत लिहून द्यायचं. तो ते वाचतो आणि कामाला लागतो. आता चार ओळी लिहायच्या म्हटल्यावर साप्ताहिकातून इतकी वर्षं लोकांची सालटी काढणारा मी असताना प्रफुल्ल दुसरीकडे कशाला जाईल? ‘तारीख धरणे’खाली मी लिहिलं, ‘कोणी तारीख विचारण्याचा अवकाश, ताबडतोब धरावी, दादरचा हॉल आणि चांगला जावई एकदा हातचा गेला की परत मिळत नाही.’ ‘तारीख सोडणे’खाली लिहिलं, ‘जे रोज फोन करून डोकं खात नाहीत, त्यांची तारीख खुशाल सोडावी, लग्नघर असून गप्प बसतात म्हणजे तिथे लग्न नसणारच.’ प्रफुल्ल असा हसला की हातातलं पियुष शर्टावर सांडलं. अक्षदा कामासाठी बंगळुरूला गेली होती, म्हणून हसत हसत त्यानेच तो मजकूर आत चढवला.

पुढचं तुझ्या लक्षात आलं असेलच. हिंदमाताला शालू बघायला आलेल्या बायका जाता जाता फोन करून ‘अमुक तारीख मोकळी आहे का हो?’ विचारतात. आपल्याकडच्या या विचारण्याला काही अर्थ नसतो. मुलगी बारावीत असते आणि आई हॉल विचारून ठेवते. एजंटने प्रत्येकीची तारीख धरली. बघता बघता अख्खा हंगाम भरला. मग जागा करायला तो ‘सोडणे’कडे वळला आणि गप्प बसलेल्यांना सोडत सुटला. आता गप्प कोण बसतं, ताई? जे पैसे भरतात, पावती कपाटात ठेवतात आणि शहाण्यासारखे स्वस्थ बसतात ते. म्हणजे तू. (तुझा हा स्वभाव तुला नडणार, हे मी लहानपणापासून सांगत आलो आहे.) सलोनीची तारीख माटुंग्याच्या एका बाईंना गेली. खुर्च्यांना कव्हरं आहेत का, मसालेभाताला तोंडली की वांगी, असं विचारायला त्या रोज फोन करायच्या. त्यांच्या मुलाचं, विनीतचं, तेव्हा कुठे जमलंही नव्हतं! पण हॉल मिळाल्याचं कळताच त्यांनी घाईघाईने मुलगी पसंत केली (मुली मिळतात गं, दादरचा हॉल मिळत नाही) आणि पत्रिका छापूनसुद्धा मोकळ्या झाल्या.

अक्षदा परत आली, माझ्या ओळी वाचल्या आणि म्हणाली, ‘हेमूकाका, हा टोमणा कोणाला होता?’

म्हटलं, ‘समाजाला.’

‘आणि वाचणार कोण होतं? त्याला दादर माहीत नाही, तुम्ही माहीत नाही, तुम्ही डोळा मिचकावलेला त्याला दिसत नाही. तुम्ही सांगितलंत, त्याने केलं. इतकं मनापासून तुमचं आजवर कोणी वाचलंय का?’

ताई, मला हे झोंबलं. तिथेच खुर्ची ओढून बसलो आणि लिहिलं: ‘ग्राहकाने नाव आणि फोन नंबर देऊन तारीख धरायला स्पष्ट सांगितलं, तरच हे टूल वापरावे. नुसती चौकशी असेल तर वापरू नये. त्यासाठी तारीख बघणे हे टूल आहे.’ आणि ‘सोडणे’खाली: ‘ज्याच्या नावाने तारीख धरली आहे त्याने स्वतः सोडायला सांगितलं, तरच वापरावे. फोन आला नाही, हे कारण धरू नये.’ प्रफुल्लला वाचून दाखवलं. अजिबात हसला नाही, तेव्हाच समजलो, जमलं. काल अक्षदाने आवाज बदलून ‘सहज विचारतेय हो’ म्हणून फोन केला. एजंटने तारीख मोकळी आहे एवढंच सांगितलं, धरलं काही नाही. तेव्हा स्पष्ट, निःसंदिग्ध लिहिण्यात आता या भागात माझा हात कोणी धरणार नाही, हे तू चिपळूणभर सांगायला हरकत नाही.

दाजींना नमस्कार, सलोनीला मामाचे आशीर्वाद.

तुझा
हेमू

ता. क. माटुंग्याच्या बाई जेवणं आटोपून दुपारी हॉल रिकामा करायला तयार आहेत. म्हणजे तारीख तीच, हॉल तोच, फक्त सकाळचा मुहूर्त जाऊन गोरज मुहूर्त आला. तुमच्या पत्रिका अजून छापायच्या आहेत, हे किती बरं.

आणखी एक ता. क. हे तुझ्या विहीणबाईंना तूच फोन करून सांग. तुझी वाक्यं साधी असतात, समोरच्याला लगेच कळतात.

शेवटचा ता. क. फोन पत्र वाचल्याबरोबर कर. कारण काल मीच त्यांना व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवल्या: ‘वरपक्षाला पहाटे उठण्याचे कष्ट नकोत म्हणून लग्न संध्याकाळी ठेवले आहे. तरीही मंडळींना जमत नसेल तर नवरदेव तेवढा पाठवून द्यावा.’ निळ्या खुणा उमटल्या आहेत. विहीणबाई गप्प आहेत.