टिटव्याचा दुसरा नंबर

प्रिय टिटव्या,

तुला सोळावं लागलं तरी हे नाव माझ्या तोंडातून जात नाही. तू पहिल्यांदा उभा राहिलास तेव्हा मीच ते ठेवलं होतं. सगळा जीव पायांत, वर नुसती मान. हे पत्र छापील अक्षरांत बघून तुला नवल वाटेल. आत्याला आपल्या अक्षराचा एवढा तोरा, आणि ही यंत्र बडवत का बसली? उजव्या हाताची तीन बोटं प्लास्टरमध्ये आहेत, म्हणून डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत सकाळपासून बसलेय. बोटांचं तुला माहीतच आहे. तू तेव्हा खाली गाडीत होतास.

आधी क्रमवारीचं बोलू, कारण तुझ्या घरात त्यावर कुणी धड बोललं नसेल. दरवर्षी हंगाम सुरू होण्याआधी आमच्या साप्ताहिकात शाळांच्या क्रॉस कंट्रीवाल्यांची क्रमवारी येते, आणि त्या आठवड्यात आपल्या इथला न्हावी केस कमी कापतो आणि वाद जास्त घालतो. लोकांना वाटतं, मी खुर्चीत बसून वेळांचे आकडे एकाखाली एक मांडते. सपाट मैदानावर घड्याळ खरं बोलतं. चिखल, चढ, ओढा आला की तेही थापा मारायला लागतं. म्हणून मी सुट्टीभर काठी टेकत माळ पालथा घालते. चढावर कोण खांदे कानांपर्यंत नेतो, उतारावर कोण घाबरून टाच रोवतो, दम लागल्यावर कोण शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, हे बघत उभी राहते. प्रशिक्षकांना विचारण्यात अर्थ नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा कायदा त्यांनाही लागू आहे.

मुंगळ्याला मी पहिला ठेवला. दगडाच्या खाणीत राबणाऱ्या माणसाचा मुलगा, बुटका, पायात कुणाचे तरी उतरवलेले बूट, धावण्यात ऐट म्हणून नाही. पण एकदा डसला की डोकं तुटलं तरी सोडायचा नाही. त्याच्याहून तुझा वेग जास्त आहे, तेही मी लिहिलं होतं. आणि त्याखाली लिहिलं होतं की, मागे बघायची सवय सुटली तर हा मुलगा कुणाच्या हाती लागणार नाही. तू आघाडी घेतोस आणि मागे बघतोस. सगळेच बघतात, पण ते अंतर मोजायला बघतात. तू बघतोस ते घरात दार वाजल्यासारखं. पेपरात हे छापता येत नाही. तुला मी दुसरा ठेवला तो त्या बघण्यामुळे, आणि ते बघणं मला ओळखू आलं कारण ते माझंही आहे.

माझ्या लंगडण्याची गोष्ट तुला घरात सांगितली असेल, खेळताना आत्या पाण्याच्या टाकीवरून पडली म्हणून. मी सहावीत होते आणि तुझा बाप नववीत. त्याच्या मित्रांनी पैज लावली, टेकडीवरच्या टाकीपर्यंत आधी कोण पोचतं. मी पोचले. नुसती पोचले नाही, टाकीच्या कठड्यावर चढून त्यांना वाकुल्या दाखवल्या. दादा धापा टाकत वर आला, मित्रांकडे बघून हसला, आणि त्याने मला दोन्ही हातांनी ढकललं. कंबरेचं हाड मोडलं. तुझ्या आजोबांनी त्या संध्याकाळी त्याला पट्ट्याने असं फोडलं की त्याचा शर्ट पाठीला चिकटला आणि भिजवून काढावा लागला. ढकललं म्हणून नाही फोडलं. पोरीकडून हरला म्हणून. आणि आईने डॉक्टरांना सांगितलं, दोघंही पडली.

तेव्हापासून मी पाहत आलेय, आपल्या घरात कुणी कुणाला मारत नाही, सगळे पडतात. तुझी आई, माझी वहिनी, न्हाणीघरात पडली, मग चुलीपाशी पडली, मग दाराच्या कडीवर पडून तिचा दात गेला. गेल्या वर्षी तू सायकलवरून पडलास आणि तुझा खांदा निखळला. तुझ्याकडे सायकल नाही, टिटव्या. दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून मी ते ऐकलं आणि तुला मोसंबी सोलून दिली.

क्रमवारी शुक्रवारी निघाली. शनिवारी सकाळी साप्ताहिकाच्या कचेरीच्या जिन्यावर बूट वाजले आणि मी ओळखलं. दादा शांत होता. तो ओरडतो तेव्हा एक वेळ परवडतं. पेपर टेबलावर ठेवून म्हणाला, "पुढच्या अंकात चूक दुरुस्त कर. पहिला माझा पोरगा." मी म्हटलं, पोराला माळावर पहिला येऊ दे, मी पहिल्या पानावर छापते, पण क्रमवारी काही खैरात नाही. त्याने मान हलवली, जणू पटलं. मग माझ्या टेबलाचा खण ओढला, हात बघायला घ्यावा तसा माझा हात घेतला, खणाच्या कडेवर ठेवला आणि गुडघ्याने खण बंद केला. पुन्हा उघडला आणि पुन्हा बंद केला. वाळक्या काटक्या मोडल्यासारखा आवाज आला, आणि क्षणभर मला वाटलं हा आवाज दुसऱ्याच कुणाचा आहे. आमचे छपाईवाले काका, सत्तरीचे गृहस्थ, यंत्राचा दांडा घेऊन धावले. दादाने तो दांडा त्यांच्याच हातातून काढून त्यांच्या तोंडावर घातला. काका खाली बसले आणि त्यांनी ओंजळीत दोन दात थुंकले. मग त्याने कपाट आडवं केलं, काच फोडली, काकांच्या बरगडीत एक लाथ घातली. सगळं झाल्यावर आमच्याच नळावर हात धुतले, माझ्या शालीला पुसले आणि म्हणाला, "चलतो. पोरगं खाली थांबलंय, सरावाला उशीर होतोय त्याला."

खिडकीतून मला तू दिसलास. गाडीत ताठ बसला होतास, नजर समोर, आणि एक हात बरगडीवर दाबून धरलेला. वरच्या खोलीत काच फुटली तरी तू मान वर केली नाहीस. तेव्हा कळलं, तुझा वाटा तुला शुक्रवारीच मिळाला होता.

दवाखान्यात नर्सने विचारलं, हे कसं झालं. मी म्हणाले, जिन्यावरून पडले. विचार करून नाही म्हणाले, शिंक यावी तसं ते आलं. शेजारी काका तोंडाला फडकं लावून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फडक्यातूनच म्हणाले, "मीही." एका बाकावर दोन जाणती माणसं, दोघंही जिन्यावरून पडलेली. नर्सने तसंच लिहून घेतलं.

रविवारी सगळ्या शाळांची मिळून सरावाची शर्यत होती. हात गळ्यात बांधून मी गेले. कुणाला सांगितलं नव्हतं. सुरुवातीला किंवा शेवटाला मी कधीच उभी राहत नाही, तिथे सगळे नाटकं करतात. माझी जागा ओढ्याच्या वळणावर, वरच्या झुडपांमागे. तिथे वाट अरुंद होते, पुढची मुलं मागच्यांना दिसत नाहीत, आणि माणूस जसा आहे तसा धावतो.

तू पहिला आलास. बरगडी दुखत होती तरी काय सुंदर उतरलास तो उतार. मी दुखणं विसरून बघत होते. मग तू मागे बघितलंस. मुंगळा दहा पावलांवर होता. ओढ्यात तो तुझ्या बरोबरीला आला आणि पाण्यातून पुढे निघाला. तू त्याचा सदरा मागून धरलास. तो उताणा पडला, डोकं दगडावर. त्याने उठायला हात वर केला. तो तुला मारायला नव्हता, टिटव्या, आधाराला होता. तू खिळ्यांचा बूट त्याच्या तोंडावर घातलास. पाणी लाल झालं. पुन्हा घातलास. तिसऱ्या वेळी पाय उचललास तेव्हा तू मान वळवून वाटेकडे बघितलंस, कुणी येतंय का. मग घातलास. मी ओरडत होते, पण तोंडातून नुसती हवा येत होती. तू वाकून ओढ्यात हात धुतलेस, बनियनला पुसलेस, आणि धावत पुढे गेलास.

मी कशी खाली घसरत आले ते आठवत नाही. एका हाताने त्याला कुशीवर वळवलं, नाहीतर तो आपल्याच रक्ताने गुदमरला असता. मागून मुलं आली, मग प्रशिक्षक आले, आणि त्यांच्याबरोबर तूही परत आलास. माझ्या मांडीवर त्याचं डोकं होतं. सगळ्यांना वाटलं, आत्या इतरांसारखीच हाका ऐकून पोचली. तुलाही तेच वाटलं असणार. प्रशिक्षकांनी विचारलं, काय झालं रे? तू अगदी सपाट आवाजात म्हणालास, "पाय घसरला त्याचा. पडला."

मुंगळ्याचा जबडा तारांनी बांधलाय. डावा डोळा राहील की जाईल ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. त्याला बोलता येत नाही, आणि कुणी त्या दिवसाचं विचारलं की तो भिंतीकडे तोंड करतो. काल त्याची आई दवाखान्याच्या बाहेर बसली होती. दुसऱ्यांचे कपडे धुऊन तिचे हात फुगलेत. मला म्हणाली, "ताई, तुम्ही त्याला पहिला नंबर दिला ना, म्हणून तो जोरात पळाला असेल. नाहीतर जपून पळतो तो." मी तिच्याजवळ बसले आणि तिला सगळं सांगितलं. ती किंचाळली नाही. तिने माझ्या प्लास्टरवर हात ठेवला आणि विचारलं, "त्या पोराला घरात कोण मारतं?"

तिथून मी सरळ पोलीस चौकीत गेले. काका बरोबर होते. दादाने काय केलं ते सांगितलं, शनिवारचं आणि टाकीपासूनचं सगळं. वहिनी संध्याकाळी माझ्याकडे आली, एक पिशवी आणि सुजलेलं मनगट घेऊन. तक्रारीवर तिनेही सही केली. आज सकाळी दादाला त्याच्या बर्फाच्या कारखान्यातून पोलिसांनी नेलं. दोघं लागले त्याला धरायला. तेव्हा शाळा सुटल्यावर तू त्या घरी जायचं नाहीस, माझ्याकडे यायचं आहेस. तुझी गादी तुझ्या आईने घातली आहे.

पण हे पत्र त्यासाठी नाही, ते तुला तुझे खेळाचे सरही सांगू शकले असते. चौकीत मी तुझंही नाव सांगितलं आहे. ओढ्यावर जे पाहिलं ते जसंच्या तसं, खिळ्यांचा बूट, तीन वेळा, सगळं. दुपारी पोलीस बाई शाळेत येतील आणि तुला विचारतील. त्यांच्या तोंडून तुला ते पहिल्यांदा कळू नये, म्हणून हे लिहिलं. तू या वर्षी धावणार नाहीस, पुढचंही सांगता येत नाही. तुला वाटेल, आत्या उलटली. माझा भाऊ नववीत होता तेव्हा त्याच्यासाठी हे कुणी केलं नाही. सर हे तुला त्यांच्या खोलीत देतील आणि दार लावून घेतील, म्हणजे वाचताना तुला कुणासमोर चेहरा सांभाळावा लागणार नाही. मी बाहेर बाकावर बसले आहे. पोलीस बाई आल्या की तुझ्याबरोबर आत येईन, आणि नंतर तू तयार असशील तर मुंगळ्याच्या आईकडेही. वाचून झालं की बाहेर ये. रागाने आलास तरी चालेल.

तुझीच,
आत्या