दोन मिनीबाईक आणि तेरा नंबरचा पाना

प्रिय ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर जितकं वाकू देते तितकंच). तुझ्या गुडघ्याला नवं औषध मानवलं का? भावोजी कानाचं यंत्र लावू लागले, की अजून ते कपाटात ठेवूनच ऐकतात? मामाच्या डोळ्याच्या ऑपरेशनबद्दल तू फोनवर ‘सगळं ठीक’ एवढंच म्हणालीस. ‘ठीक’ हे काही माप नव्हे, सविस्तर कळव. इकडे सगळे खुशाल आहेत. मी तेवढा नाही, आणि त्याचं कारण आपली मिनीबाईक आहे.

ताटाएवढ्या चाकांची ती गुडघाभर मोटारसायकल, दोरी ओढून चालू करायची, रंग पिकल्या टोमॅटोचा. मामाला गोदामात पहिली पक्की नोकरी लागली त्या महिन्यात त्याने ती टेम्पोतून आणली आणि आपल्याला देण्याआधी स्वतःच अंगणाला तीन फेऱ्या मारल्या. गुडघे कानाला लागलेले, मिशा वाऱ्यावर, चेहरा असा की दहा वर्षांचा मी नसून तोच. मग तू पुढे, मी मागे. ब्रेक लागायचा नाही, म्हणून तू चपला घासून गाडी थांबवायचीस, आणि दर महिन्याला नवा जोड घेताना आई दुकानदाराला सांगायची, “मुलीची चाल जरा जोरदार आहे.” रविवारी मामा सीटखाली सुतळीने बांधलेला तेरा नंबरचा पाना सोडून माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, “आवळ रे, कारागीर.” यंत्रांचं माझं रीतसर शिक्षण एवढंच. पुढचं सगळं मी आपलं आपण मिळवलं, हे तू जाणतेसच (मी अनेकदा सांगितलं आहे).

आज जुन्या मिनीबाईकमधली अस्सल कोणती आणि नक्कल कोणती, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. अस्सलाचं वेल्डिंग हाताचं, म्हणून माणसाच्या अक्षरासारखं कमीजास्त. सांगाड्यावरचा नंबर ठोकून उठवलेला, त्यात एखादा आकडा तरी नाचरा. सीट उलटी केली की खाली प्लायवूड, पत्रा नव्हे. आता जुन्यासारख्या दिसणाऱ्या नव्या नकला निघतात, पण खुद्द त्या काळीही स्वस्तातल्या नकला निघत होत्याच. आपल्या गाडीवर मात्र यातलं काही मी कधी तपासलं नाही. तीन रंगांचे थर चढलेले, सीट मीच दोनदा नवी केलेली, खुणा दिसणार तरी कुठे? आणि आईकडे ओळखपत्र कुणी मागतं का?

तर, आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांनी जुन्या बाजारातून एक हिरवी मिनीबाईक आणली आणि मला दाखवली. मी सहा फुटांवरूनच ‘नक्कल’ म्हणून निकाल दिला. आपल्या गाडीपेक्षा तिचं हँडल दोन बोटं उंच होतं, आणखी काय पाहायचं? डॉक्टर हिरमुसले नाहीत. “बरं झालं,” म्हणाले, “मग बिनधास्त भोकं पाडतो.” त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत ती जमिनीला बोल्ट मारून पक्की बसवायची, म्हणजे पोरं तिच्यावर बसून रडणं विसरतील, असा बेत. ड्रिलवाला गुरुवारी येणार होता.

तिथेच थांबलो असतो तर हे पत्र एका पानात संपलं असतं. पण निकाल दिला की कारणं द्यावीत, असा माझा स्वभाव. रविवारी डॉक्टरांची गाडी घरी आणवली आणि दोन्ही गाड्या एका चादरीवर खोलून मांडल्या. (ही म्हणाली, “चांगली चादर होती.” मी म्हटलं, “शास्त्रासाठी आहे.” “मग शास्त्रालाच धुवायला सांगा.”) आपल्या भागांवर निळ्या खडूची खूण, त्यांच्यावर पांढऱ्या. इतकी शिस्त मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही. मग फरक नीट दिसावा म्हणून सगळे भाग एकाच टबात रॉकेलमध्ये घालून ब्रशने घासले. घासल्यावर खडूची खूण उरत नाही, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

तरी मी डगमगलो नाही. मूळ कंपनीचे नट-बोल्ट इंची मापाचे, नकलेचे मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाचा पाना तेरा मिलिमीटरच्या बोल्टवर चढतच नाही, केसाएवढा कमी पडतो. एकेक बोल्ट पान्याने तपासून अर्ध्या तासात दोन ढीग केले: डावा अस्सल, उजवा नक्कल. सांगाडे तेवढे रंगावरून ओळखू येत होते. डावा ढीग आपल्या लाल सांगाड्यावर चढवायला घेतला, तर एक बोल्ट आत जाईल तर शपथ. (आधी मला सांगाड्याचाच राग आला.) उजव्यातला लावला, लोण्यात गेल्यासारखा गेला. डावा ढीग हिरव्या सांगाड्याला लावला, एकूण एक बसला. आणि लाल गाडी आवळायला मी हातात घेतला होता तो, ताई, तेरा नंबरचा पाना. तोच, सुतळीचा, तेरा मिलिमीटरचा. लहानपणी दर रविवारी मी पुरावा हातात धरून आवळत होतो.

गाडी नकली निघाली याचं एवढं नाही वाटलं. पण मामाला पहिल्याच पगारात कुणीतरी फसवलं, हे काही गिळता येईना. बोलावं तर आपली गाडी गल्लीत नक्कल ठरते. न बोलावं तर गुरुवारी एका अस्सल सांगाड्याला भोकं पडतात, आणि ती पडू देणारा माणूस मी नव्हे. बुधवारी दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या बाई काही ऐकून घेईनात, त्यांनी मला थेट खुर्चीत बसवलं. डॉक्टरांनी तोंडात कापूस कोंबला. “तुमची गाडी अस्सल आहे,” असं मी म्हणालो, तर ते म्हणाले, “इथे दुखतंय?” तिसऱ्या वेळेला कापूस काढून सांगितलं.

“म्हणजे तुमची नक्कल?”

“हो.”

“मग सोपं आहे की! मला पोरं बसवायला कुठलीही चालते. माझी तुम्ही ठेवा, तुमची मला द्या. उद्या तिलाच भोकं पाडतो.”

ताई, तीस वर्षं मी अस्सल गाडी शोधणाऱ्यांना सल्ले देत आलो, आणि ती मला अशी फुकट मिळत होती. मी चूळ भरली आणि नको म्हणालो. का, ते मलाही धड सांगता आलं नाही. ‘बोल्ट जुळत नाहीत’ असं काहीतरी पुटपुटलो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि दाढेत काही दोष नसताना एक आठवडा मऊ खायला सांगितलं. दवाखान्यात आता लाकडी घोडा आला आहे.

आपली गाडी जोडली. तिसऱ्या ओढीला चालू झाली, तोच खोकल्यासारखा आवाज. ही खिडकीतून ओरडली, “धूर घरात येतोय! अगदी अस्सल आहे हो!”

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : मुख्य गोष्ट राहिली. डोळ्यामुळे हल्ली मामाला पत्रं तूच वाचून दाखवतेस. हे वाचू नकोस. सोबत वेगळं पान जोडलं आहे, त्यात आपलीच गाडी अस्सल ठरते आणि डॉक्टर माझी माफी मागतात. ते वाच. हे मोठ्याने वाचायला आधीच सुरुवात केली असशील, तर खोकून वेळ काढ आणि शाई फुटली म्हणून सांग.

ता. क. २ : पाकिटाला तिकीट लावलं, तरी राहवेना. मामाला फोन केला. नुसती तब्येत विचारणार होतो, तोंडून सगळंच निघून गेलं. मामा इतका हसला की मला त्याच्या टाक्यांची काळजी वाटली. म्हणाला, “अरे, दुकानदाराने तेव्हाच सांगितलं होतं ही नक्कल आहे म्हणून. मला तीच झेपणारी होती. तू गल्लीभर अस्सल अस्सल करत सुटलास, मग कोण तुझा विरस करणार? ताईला विचार, ती होती की दुकानात!”

ताई! म्हणजे तुझ्या लग्नात मी तुझ्या सासऱ्यांना आपल्या गाडीच्या अस्सलपणावर पाऊण तास सांगत होतो, तेव्हा तू शेजारी बसून मान डोलवत होतीस, ती सगळं माहीत असून?

रागावलेलो नाही. वेगळं पान मामाला जरूर वाचून दाखव, चांगलं जमलं आहे. पण तुम्ही दोघांनी मिळून माझ्यापासून आणखी काय काय लपवलं आहे, त्याची यादी उलट टपाली पाठव. क्रमांक घालून, आणि आठवत असतील तर तारखांसह.