वजन उतरलं तर

सावित्री,

भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत चालायला जातोय. वजन उतरलं नाही तर या खेपेलाही बोटीवर कामाला घेणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. मला नाचणीची भाकरी नि उकडलेली भाजी एवढंच ठेव.

काल वडे खाल्ले म्हणून तू बोललीस, ते बरोबरच होतं. मी उगाच ओरडलो. पण आई ताट घेऊन समोर बसते, नको म्हटलं की डोळे पुसते. काल तू विहिरीवर गेलीस तेव्हा हळूच म्हणाली, "लवू, खा रे. तुझे बाबा बोटीवर गेले ते परत आले नाहीत. तू जाडाच बरा."

तिला यातलं काही बोलू नकोस. फक्त दुपारी मला तूच वाढ. तिने वाढलं तर माझ्याने 'नको' म्हणवणार नाही.

लवू