तुझं गाणं भोपाळच्या मंचावर

माय, काल संध्याकाळी तुझी नात टीव्हीवर गायली. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. नद्या वाचवायच्या कामासाठी भोपाळला मोठी मैफल होती. नावाजलेले गायक फुकट गायला आले होते, आणि जमेल तो पैसा नद्या साफ करायला जाणार होता. नागपूरला गाणं शिकलेल्या माझ्या पोरीला त्यात एका गाण्याची जागा मिळाली. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, "आई, ते म्हणून राह्यले, हिंदीतलं गा, सगळ्यायले समजन." मी विचारलं, "मंग तू काय म्हटलं?" तर म्हणते, "म्हटलं, नदीसाठी गायचं तं माह्या आजीचंच गाईन. नाहीतर माही जागा दुसऱ्याले द्या." अशी संधी पुन्हा थोडीच येते? 'ऐक त्यायचं' असं मी म्हणणारच होते. पण असं बोलणं मी आधी एकदा तुझ्या तोंडून ऐकलं होतं.

मी तेव्हा लहान. आपल्या पांढुर्ण्यात, सावरगावच्या समोर, जाम नदीच्या काठावर तू लुगडी पिळते आहेस, मी टोकं धरून उभी आहे. तेवढ्यात सडक्या संत्र्यांनी भरलेली ट्रॉली मागे मागे येत पाण्याकडे सरकते. ज्या व्यापाऱ्याकडे तू संत्री निवडायला जायचीस, त्याचीच. तू ओलं लुगडं खांद्यावर टाकतेस आणि ट्रॉलीच्या मागे जाऊन उभी राहतेस.

"वापस ने. अथी आमी कपडे धुतो, ढोरं पानी पेतेत."

"बाई, मालकानं सांगतलं."

"मंग मालकाले सांग, मी उभी हाओ म्हणून."

ट्रॉली परत गेली. दिवेलागणीला निरोप आला, उद्यापासून कामावर येऊ नको. तू परातीत ज्वारीचं पीठ घेतलंस आणि भाकरी थापता थापता गुणगुणायला लागलीस. मला रागच आला. "माय, काम गेलं आन् तू गाऊन कायले राह्यली?" "मंग काय रडू? रडलं तं ट्रॉली थांबन काय?" आणि मग मोठ्यानं, भाकरीच्या तालावर:

नदीबाई, तुह्या काठी धुतले म्या लुगडे,
कोनं टाकले वं तुह्यावर गावाचे उकिरडे?

पुढे ट्रॉली पुन्हा आली, तेव्हा घाटावरच्या साऱ्या बाया हातातलं धुणं न थांबवता तेच गाऊ लागल्या. ड्रायव्हर आधी हसला, मग लाजला, आणि ट्रॉली वळवून निघून गेला. त्या घाटावर ती पुन्हा दिसली नाही. तू मात्र बोरगावच्या बगिच्यात तोडणीला जाऊ लागलीस, पहाटेची बस धरून, आणि त्याबद्दल कधी कुरकुरली नाहीस.

तर काल. आयोजकांनी शेवटी पोरीचं ऐकलं. आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तुझ्याबरोबर घाटावर धुणं धुणारी शेजारची मावशी आता कमरेत वाकली आहे, तिला मी अगदी टीव्हीसमोर खुर्ची दिली. पडद्याखाली पट्टी आली, 'पारंपरिक लोकगीत'. मला ते खटकलं. पण पोर गायला लागली आणि दुसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा समोरचा अख्खा मांडव तिच्याबरोबर गात होता, ज्यांना 'उकिरडे' म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं तेसुद्धा. इकडे मावशी ओरडली, "अवं, पोरीनं मधातलं कडवं सोडलं!" सगळे हसले. मी हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

गाणं संपलं. निवेदकानं हिंदीत विचारलं, हे कुठल्या भागातलं लोकगीत? पोरीनं माइक जवळ घेतला. "लोकगीत नाही. पांढुर्ण्याच्या एका बाईनं रचलेलं आहे. संत्री निवडायची ती. माझी आजी." आणि तिनं तुझं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट. टाळ्या कितीतरी वेळ थांबेनात. मावशी खुर्चीवरून उठून उभी राहिली होती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं ते सांगते. मला तू कायम नुसती माय होतीस; ते पूर्ण नाव ऐकलं तेव्हा क्षणभर मला कळलंच नाही, ही कोणाबद्दल बोलते आहे. मी टाळ्या वाजवल्या त्या आधी एका अनोळखी बाईसाठी, माय. ती तू आहेस, हे मागून लक्षात आलं.