काटछाट न करता

३ मार्च, मंगळवार

कलम अकरा! सकाळपासून डोक्यात तेच.

माझं काम सरकारी मसुदा लोकांना कळेल अशा भाषेत लिहायचं. आज नव्या धोरणाचा मसुदा आला. प्रत्येक माणसाला एक नंबर आणि त्या नंबरामागे सगळं – दवाखाना, शाळा, पेन्शन, पत्ता. कलम अकरा म्हणतं, "कुटुंबातील सदस्यांस परस्परांचे तपशील पाहण्याची सुविधा उपलब्ध असेल." ऐकायला किती गोड! सोपं करून लिहायला बसले आणि हातून उतरलं – बायको कुठेही लपली तरी नवऱ्याला तिचं घर सापडेल.

मग पेन पुढे सरकेना. ताई लपलीच आहे की! दोन वर्षं झाली, पण कागदावर अजून त्याचीच बायको. (भाऊजी म्हणायची जिभेची सवय जात नाही. इथे तरी 'तो'च लिहीन.) "पाताळात गेलीस तरी शोधून काढीन," म्हणाला होता. अजूनही इंटरनेटवर तिचं नाव टाकून बघत असतो – त्याच्या सख्ख्या बहिणीनेच सांगितलं. आता नुसता नंबर टाकला की झालं.

५ मार्च

साहेबांना सांगितलं. आम्ही पाठीमागे त्यांना 'पुढचं पान' म्हणतो, कारण बैठकीत कोणी अडचण काढली की ते तेवढंच म्हणतात. आजही म्हणाले. "अहो, घरच्या माणसांची कसली आलीय भीती? पुढचं पान."

कंत्राटदाराचा इंजिनीअर शेजारीच होता. "अपवाद टाकला की सिस्टीम स्लो होते मॅडम." होऊ दे की मेली स्लो!

घरी येऊन भांडी आपटली. भांड्यांचा काय दोष.

७ मार्च, शनिवार

ताईकडे गेले. नेहमीसारखी दोन बस बदलून, लांबच्या वाटेने. भाची आता सहा वर्षांची. बाकीच्या आया मुलांकडून घरचा पत्ता पाठ करून घेतात, ताई तो विसरायला लावते. "कुठे राहतेस?" "आईला विचारा." "कोणत्या रस्त्यावर?" "आईला विचारा." चुकली नाही की शाबासकी. मला बघवत नाही.

ताईला म्हटलं, लोकांकडून आक्षेप मागवलेत, तू लिही. जिच्यावर बेतलंय तिने लिहिलं तर त्यांना ऐकावं लागेल.

"माझ्या नावाने?"

निनावी आक्षेप मोजत नाहीत. नाव लागतं, पत्ताही लागतो. तो कागद आमच्याच कपाटात राहतो, म्हटलं.

"तू आहेस ना तिथे, तूच भांड. मी गप्प राहून जगलेय. मला तेच जमतं."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, तुझ्यासारख्या गप्प बसतात म्हणूनच असले कायदे होतात! बोलायला नको होतं. चहा न घेताच निघाले.

११ मार्च

ताईचा फोन नाही. मीही केला नाही. दोघी एकाच आईच्या.

१६ मार्च, सोमवार

आक्षेपांचे गठ्ठे येऊन पडताहेत. दरवेळी त्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. शेकडो आक्षेपांचं अर्ध्या पानात सार, खाली "नोंद घेतली", आणि मग वाटाण्याच्या अक्षता. या वेळी बैठकीत उभीच राहिले. सार नको, म्हटलं, सगळे आक्षेप संकेतस्थळावर टाका, काटछाट न करता. लोक काय म्हणाले ते लोकांना दिसू दे! आणि वाचणाऱ्याला नाव-नंबर विचारायचा नाही. कोण काय वाचतं यावर सरकारची पाळत कशाला?

साहेब दमलेले दिसले. "बरं, टाका. पुढचं पान."

जिंकले! पहिल्यांदाच ते पान माझ्या बाजूने उलटलं.

जिन्यात इंजिनीअरने गाठलं. "मॅडम, स्कॅन करून तसेच चढवतो. काही झाकायचंय का?"

"एक अक्षरही नाही." झाकायची मुभा दिली की हे सगळंच झाकतील. ओळखून आहे मी यांना.

१९ मार्च

साहेब खुशीत दिसतात – म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय.

२६ मार्च, गुरुवार

कलम अकरा बदललं!!

आधीपासून लिहिते. बैठकीत साहेबांनी एक आक्षेप काढून वाचला. कोणाचा ते सांगितलं नाही. "मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला शिकवलं. ती हुशार आहे, तिला जमलं. तुमच्या यंत्राला जमेल का?" पुढे वाचता वाचता साहेब थांबले. चष्मा काढून पुसत बसले. पुढचं पान म्हणायला कोणी नाही. इंजिनीअर हळूच म्हणाला, अपवाद टाकता येईल. येतो की रे मग!

ठरलं – जी मागेल तिचा पत्ता कोणालाही दिसणार नाही, नवऱ्यालासुद्धा.

आणि मी? रुमाल तोंडात कोंबून रडत होते. ताई! माझी ताई! लिहिलंस की गं! बाहेर येऊन आधी फोन केला. "तूच म्हणालीस ना गप्प बसू नकोस," एवढंच बोलली आणि हसली. तिचं हसू ऐकून किती दिवस झाले होते. उद्या दोघींना जेवायला बोलावलंय.

२७ मार्च

आक्षेप सोमवारीच संकेतस्थळावर चढलेत. काटछाट न करता. ताईचाही. वर नाव, खाली पत्ता, तिच्या सुबक अक्षरात.

आरडाओरडा करून सगळेच उतरवायला लावले. तोवर तिचा एकवीस जणांनी उघडला होता. कोणी कोणी? इंजिनीअरचा चेहरा पडला. "नोंद नाही मॅडम. तुम्हीच नको म्हणालात."

तशीच ताईकडे आले. ती सामान बांधते आहे. मी घडी केलेले कपडे उलगडून पुन्हा स्वतः घडी करते. भाची येऊन मला चिकटून बसली. "मावशी, आपण जाणार ना? मग आता हा पत्ता म्हटला तर चालेल?" आणि घडाघडा म्हणून दाखवला. गल्ली, इमारत, मजला, सगळा.