नाशपातीच्या सहा काड्या

१२ डिसेंबर

पत्र्याच्या डब्यात अक्रोड ओतल्याचा आवाज! दाढी करताना एकदम कानात आला. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातला. तेव्हा वाटलं छप्पर कोसळलं, धावत गेलो. ती शांत — “अहो, बी भिजवतेय. बुडतील ते पेरायचे. तरंगतील ते तुम्ही खा.” सेहेचाळीस हिवाळे मी पोचटच खात आलो!

ती जाऊन आज एकोणपन्नास दिवस. लोक विचारतात, कसं वाटतंय? काही वाटत नाही. दात काढल्यावर तोंड बधिर असतं ना, तसं. चहा गार आहे की गरम, तेही सून सांगते.

१५ डिसेंबर

मागची अर्धी जागा विकली, ती असतानाच. जानेवारीत नवे मालक भिंत घालणार. तिचं नाशपातीचं झाड नेमकं भिंतीच्या रेषेत.

तिच्या वहीत आहे: ‘पानं गळाली की काड्या घ्याव्या. ओल्या फडक्यात, गारव्यात ठेवाव्या. फेब्रुवारी सरता खुंटावर बांधाव्या.’ खुंट म्हणजे बियांपासून वाढवलेली रानटी रोपं. ती सहा वाढवून गेली आहे. म्हणून काड्याही सहाच कापल्या. पेन्सिलीएवढ्या. फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या.

या जगल्या तर झाड राहिलं. नाहीतर संपलं.

१९ डिसेंबर

अक्रोड भिजवले. बुडाले ते ओल्या वाळूत पुरून खोकं पडवीत ठेवलं. तरंगले ते चार. खाल्ले. चव नाही.

२ जानेवारी

वहीत सगळं आहे, पण हात कसे चालतात ते नाही. ती कलम बांधायची तेव्हा मी शेजारी बसून शाळेतल्या कविता म्हणायचो — चौथीतली, सहावीतली, चालीसकट. ती सालीला साल भिडवत असायची आणि मी वर ढगांकडे बघत! “तुमचं काव्य आटपलं असेल तर सुतळी धरा.” धरायचो. पण बघितलं कधी?

कविता सगळ्या पाठ. कलम एकही नाही.

११ जानेवारी

झाड पाडलं. वीस मिनिटं. मी खिडकीत होतो. सून म्हणाली, “बाबा, आत या.” आतच होतो.

३ फेब्रुवारी

सून आज फ्रिज उघडून ओरडली — “बाबा, चौदा सफरचंदं! दुकान टाकायचंय का?” सोमवारी बाजारात गेलो की दोन घेतो. तिला लागायची. घेतो आणि ठेवतो, झालं. सून टाकून द्यायला निघाली. “राहू दे,” म्हटलं. माझा आवाज बहुतेक चढला. तिने फ्रिज लावून घेतला.

२७ फेब्रुवारी

काड्या घेऊन रोपवाटिकेत गेलो. म्हटलं, एकदा समोर बांधून दाखवा, बाकीच्या मी बांधीन. रोपवाटिकेवाल्याने नखाने साल खरवडली. तपकिरी. दुसरी. तपकिरी. काडीवरचा डोळा, म्हणजे पालवी फुटते तो फुगीर ठिपका, चिरला — आत काळा. सहाही तशाच.

“काका, ठेवल्या कुठे होत्या?”

“फ्रिजमध्ये. ओल्या फडक्यात.”

“शेजारी काय होतं?”

“सफरचंदं.”

त्याने चाकू मिटला. “अहो काका! सफरचंद म्हणजे वर्गातलं वात्रट कार्टं. स्वतः पिकतं आणि शेजाऱ्याला बिघडवतं. त्याच्यातून वाफ सुटते, तिने डोळे मरतात. बाकी सगळं बरोबर केलंत बघा.”

बाकी सगळं बरोबर. तिच्यासाठी आणलेल्या फळांनी तिचं झाड मेलं. ती फळं मी आणली.

दुसरी नाशपाती देतो म्हणाला. नको म्हटलं. घरी चालत आलो.

२८ फेब्रुवारी

जेवलो. झोपलो.

४ मार्च

सकाळी दार वाजलं. दारात अनोळखी म्हातारा, माझ्याहूनही वाकलेला, मनगटापर्यंत वाळलेली माती, खांद्यावरच्या पोत्यात कुंड्या.

“बाई आहेत का? कुंभार आलाय म्हणून सांगा. दर साली त्याच येतात कुंड्या न्यायला, बदल्यात माझ्या अंगणात एक कलम बांधून देतात. यंदा आल्या नाहीत. म्हटलं पाय दुखत असतील, आपणच पोचवू.”

“कसलं कलम?”

“नाशपातीचं. तुमच्या इथल्याच झाडाच्या काड्या आणायच्या. नऊ झाली आता.”

मला माहीत नव्हतं. सेहेचाळीस वर्षांत कुंड्या कुठून येतात, हे मी विचारलंच नाही!

आणि मग कळलं — ‘ती गेली’ असं मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. याला मलाच सांगावं लागणार.

सांगितलं. तो पोतं उतरवून उंबऱ्यावर बसला. मी शेजारी बसलो, आणि मला रडू फुटलं. मोठ्याने, पोरासारखं. सून धावत बाहेर आली.

कुंभार म्हणाला, “रडून घ्या. परतीची बस दुपारची आहे. दोघं माझ्या अंगणात जाऊ.”