दहा मिनिटांचं मशीन

६ एप्रिल, रविवार
लेक आली. तिच्या आईची रविवारी ड्यूटी, तिकडच्या आजीला मशीनची भीती, म्हणून दुपारचा डोस माझ्याकडे. पोरीला दमा, त्यात सायनस तुंबलेला. पिशवीतून नेब्युलायझर, मास्क, औषध, ते पातळ करायचं सलाइन आणि सूचनांचा कागद निघाला. कागद वाचला नाही. आठ वर्षांचा अनुभव असलेला बाप आहे मी. मास्क उलटा लावला. तिने सरळ केला. दहा मिनिटं माझ्या खांद्याला टेकून बसली. बाकी वेळ कार्टून.
संकल्प: सुट्टीत तिला पंधरा दिवस राहायला आणायचं. हट्ट तीच धरेल.

१३ एप्रिल, दु. ३
सलाइन जरा जास्त घातलं. पातळ औषध खोलवर जात असणार. मशीन एकवीस मिनिटं चाललं. तेवढ्या वेळात तिने वर्गातली दोन भांडणं सांगितली, मास्कमधून, भुताच्या आवाजात. फार बरं वाटलं. तिलाही वाटलं असणार.

१६ एप्रिल
रविवारसाठी गोष्ट पाठ करतोय. कोल्हा विहिरीत पडतो तिथपर्यंत झाली. पुढचं उद्या.

२० एप्रिल
सलाइन आणखी. पस्तीस मिनिटं. ती म्हणाली, आईकडे एवढा वेळ लागत नाही. मी म्हटलं, इथे व्होल्टेज कमी आहे. पटलं असावं. कोल्हा विहिरीतच राहिला. ती घड्याळाकडे बघत होती. घड्याळ भिंतीवरून काढून टाकणार.

२२ एप्रिल
तिच्या आईचा फोन. सलाइन एवढं कसं संपलं म्हणे. मी म्हटलं, सांडलं. ती म्हणाली, औषध तेवढंच असतं रे, पोर उगाच अडकून बसते. तिला संशयाची सवयच आहे.

२७ एप्रिल, रविवार
आनंदाची बातमी. नाक मोकळं, छाती स्वच्छ. डॉक्टरीणबाईंनी मशीन बंद केलं. आता नुसता पंप, दोन फवारे, अर्धं मिनिट. श्रेय कोणाचं, ते मी बोलून दाखवलं नाही.
पंप झाला. लेक सोफ्यावर, मी शेजारी. शाळा कशी विचारलं. बरी. सुट्टीत येतेस का विचारलं. आईला विचारते म्हणाली.
थोड्या वेळाने तिने अगदी हळू विचारलं, बाबा, आता मशीन नाही, तर मी रविवारी आजीकडेच थांबू का?
मी म्हटलं, थांब की, त्यात काय. तिच्या चपला मीच शोधून दिल्या. तिला येऊन पंधरा मिनिटंही झाली नव्हती.